बिनबाळाचं चिमणाळं

गेल्या वीस-बावीस वर्षांत मुरुमच्या आसपास जन्मलेलं एकही बाळ आमच्या विहीणबाईंना चुकवून मोठं झालं असेल, असं मला वाटत नाही. सरकारदरबारी नोंद व्हायची तेव्हा होवो, विहीणबाईंना बातमी आधीच पोचलेली असायची आणि पाचवी पुजायच्या आत त्या उंबऱ्याशी चपला काढताना दिसायच्या. बाकीचे लोक बाळाकडे कौतुकानं बघतात, विहीणबाई मापानं बघायच्या. मूठ घट्ट आहे की सैल, रडणं पोटातून येतं की नुसतं गळ्यातून, डोळा उजेडाकडे वळतो की आईकडे, हे सगळं पाहून झालं की त्या बाळंतिणीला निकाल सांगायच्या, "ह्याच्या पाळण्यावर मधी हिरवा राघू पायजे. लाल घातला तर रातभर झोपू द्यायचं न्हाय ह्ये." असं का, ते विचारायची सोय नव्हती. विचारलं तर त्या आपल्याकडेच कीव आल्यासारख्या बघायच्या आणि कानडीत काहीतरी पुटपुटायच्या. त्यांचं माहेर सीमेपलीकडचं, आळंदकडचं. राग, लाड आणि बाळांशी बोलणं कानडीत, बाकीचा व्यवहार मराठीत, अशी त्यांनी दोन भाषांची वाटणी करून टाकली होती. मला त्या 'बीगती' म्हणतात. अर्थ विहीणच, पण त्यांच्या तोंडून ऐकताना आपल्यावर काहीतरी आरोप ठेवला आहे असं वाटतं.

त्या माझ्या सुनेच्या आई. आणि मी कोण, तर मुरुमच्या बाजारपेठेत बाळंतविड्याचं दुकान चालवणारी बाई. झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी, खुळखुळे, पाळण्याच्या दोऱ्या, सगळं माझ्याकडे मिळतं. जत्रेत चटई अंथरून टोपडी विकण्यापासून मी सुरुवात केली. पाठीशी कुणी नव्हतं, भांडवल म्हणजे तोंड. सोलापूरच्या घाऊक व्यापाऱ्यांनी मला खालच्या भावात कापड दिलं ते माझ्या प्रेमापोटी नाही, मी दुकानातून उठत नसे म्हणून. लोक मला तापट म्हणतात. म्हणोत बापडे. तापट नसते तर अजून चटईवरच बसले असते. हे एवढ्यासाठी सांगितलं, की मी भावात सहसा कुणाला हार जात नाही हे वाचणाऱ्याला माहीत असावं. विहीणबाईंचा अपवाद सोडून.

आमची नात जन्मली तेव्हा विहीणबाई पाळण्यात घालायच्या दिवशी एक चिमणाळं घेऊन आल्या. बांबूच्या बारीक कड्याला कापड गुंडाळलेलं, त्याला भोवतीनं लोंबणाऱ्या चिमण्या आणि मैना, मधोमध एक मोठा राघू. पाळण्यावर टांगलं की वाऱ्यानं आपोआप फिरायचं आणि खाली आमची नात हातपाय झाडत हसायची. खणाचे, इरकलीचे, जुन्या धोतराचे तुकडे, आत पिंजलेला कापूस, चोचीला लाल दोरा. त्या दिवशी जेवायला आलेल्या बायका जेवण सोडून पाळण्याभोवती उभ्या राहिल्या. "कुठं मिळतंय वो ह्ये?" असं दोघीतिघींनी विचारलं आणि माझ्यातली दुकानदारीण जागी झाली. पाहुण्यांच्या पंगती उठायच्या आत मी विहीणबाईंना माडीवर नेऊन म्हटलं, "दुकानात ठेवू या." त्या म्हणाल्या, "बेडा." म्हणजे नको. मग लगेच म्हणाल्या, "किती देताव?"

तिथून आमचा व्यवहार सुरू झाला. बाजारच्या दिवशी जेवणवेळ टळली की त्या कापडी पिशवी घेऊन दुकानात यायच्या, गल्ल्याशेजारच्या लाकडी खोक्यावर बसायच्या आणि दिवे लागायच्या आत उठायच्या नाहीत. गिऱ्हाइकांसमोर विहिणींनी भाव ठरवणं बरं दिसत नाही, हे दोघींनाही कळत होतं. त्यांनीच तोड काढली. त्यांच्या वडिलांचा बैलांचा व्यापार होता आणि बैलबाजारात उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून भाव करतात हे त्या लहानपणापासून बघत आल्या होत्या. आम्ही पदराखाली हात घालायला लागलो. त्या दोन बोटं दाबायच्या, मी एकच दाबायचे, त्या नख रुतवायच्या, मी मनगट पिळायचे. वरून चेहरे हसरे. "काय म्हणतीय आमची लेक?" "बरी हाय की." आणि खाली युद्ध. बाजारातल्या बायका म्हणायच्या, "विहिणी-विहिणींचा काय जीव आहे बघा, हात म्हणून सोडत न्हाईत." जीव कसला! कितीतरी वेळा माझी करंगळी संध्याकाळपर्यंत दुखायची. आणि तरी ठरायचा तो भाव विहीणबाईंचाच असायचा, कारण शेवटी त्या हात काढून घ्यायच्या, पिशवी उचलायच्या आणि म्हणायच्या, "असू द्या बीगती, लेकीच्या सासूला काय बोलू मी." ह्या वाक्यापुढं कुठला व्यापारी टिकेल?

मालाची परीक्षा त्या स्वतः करायच्या, आणि ती बघण्यासारखी असायची. चिमणी शिवून झाली की तिला दारच्या खिळ्याला अडकवून दोन्ही हातांनी ओढायची. टाका उसवला तर ती चिमणी चुलीत. मग उकळत्या पाण्यात बुचकळून पांढऱ्या फडक्यावर दाबायची, रंग उतरला तर तेही कापड बाद. डोळ्यांना मणी कधी लावायच्या नाहीत, काळ्या दोऱ्यानं डोळा भरायच्या, कारण मणी निघतो आणि लेकरू पहिलं तोंडात घालतं. आणि सगळ्यात शेवटी ती चिमणी त्या स्वतः चघळायच्या. खरोखर तोंडात धरून, डोळे मिटून, पान खाल्ल्यासारखं. "लेकरू चघळणारच की. मग आधी मी चघळलं तर बिघडलं कुठं?" असा हिशेब. पुढं पुढं ही सवय इतकी अंगवळणी पडली की चांगलं कापड दिसलं की त्यांचा हात आपोआप तोंडाकडे जायचा. एकदा उमरग्याची एक मास्तरीणबाई दुकानात दुपटी बघत उभी होती. पिवळ्याधमक साडीत, पाठमोरी. मी झबली काढायला वर चढले आणि खाली बघते तर विहीणबाईंनी त्या बाईच्या पदराचं टोक दातांत धरलेलं. मी वरूनच ओरडले, "अहो विहीणबाई, गिऱ्हाइकाचा पदर सोडा!" मास्तरीणबाई दचकून वळली. विहीणबाईंनी पदर शांतपणे तोंडातून काढला, पुसला आणि म्हणाल्या, "पक्का रंग हाय बाई. कुठनं घेतली?" ती बाई पुन्हा दुकानात आली नाही. माझं गिऱ्हाईक गेलं. विहीणबाईंना मात्र पक्क्या रंगाच्या पिवळ्या साडीचं दुकान कळलं.

पण हे सगळं परवडलं. न परवडणारी गोष्ट एकच होती, आणि मी आजही त्यावरून त्यांच्यावर खार खाऊन आहे. विहीणबाई बाळ बघितल्याशिवाय चिमणाळं करायच्याच नाहीत. दुकानात मी एक नमुन्याचं चिमणाळं आकड्याला टांगून ठेवलं होतं, आमच्याच नातीसाठी म्हणून त्यांच्याकडून भांडून करून घेतलेलं दुसरं. ते बघून गिऱ्हाईक मागणी नोंदवायचं आणि विहीणबाई पत्ता घेऊन त्या घरी बाळ बघायला जायच्या. बाळंतीण परगावी असेल तर परगावी. तिथून येऊन मग कापड निवडायचं. ह्यात माझी किती विक्री बुडाली ते मला विचारा. एकदा परंड्याकडून आलेला एक तरुण पोरगा, नवीनच बाप होणारा, चिमणाळं बघून अगदी हरखला आणि म्हणाला, "दोन महिन्यांनी लागणार आहे, आत्ताच द्या." विहीणबाई खोक्यावरून उठल्या त्या थेट त्याच्यासमोर. "लेकरू जन्मलं न्हाय आन् पाळणा सजवायलास? आई न्हाय का तुला घरी? जा, आधी लेकरू येऊ दे. तिकडं वरती कुणी ऐकलं मंजे?" आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. पोरगा इतका घाबरला की त्यानं ठरवलेलं दुपटंसुद्धा तिथंच ठेवलं. मी म्हटलं, "विहीणबाई, त्याला लागणार होतं, मला विकायचं होतं, तुम्हाला करायचं होतं. अडलं कुठं?" त्या म्हणाल्या, "तिघांचं झालं. चवथ्याचं काय?"

अशी बरीच वर्षं गेली. त्या दिवसांची आठवण झाली की मला अजून दुकानातला तो वास येतो, नव्या कापडाचा आणि विहीणबाईंच्या पिशवीतल्या कापसाचा. चिमण्यांच्या पैशातून त्यांचं सगळं चाललेलं असायचं. चष्मा त्यातला, माहेरच्या जत्रेचं बसचं तिकीट त्यातलं, नातवंडांच्या हातावर ठेवायचा खाऊ त्यातला. मुलगा वाईट नाही त्यांचा, पण मागितलं तर देणारा आणि न मागताच ज्याच्या लक्षात येतं तो, ह्यात फरक असतो. विहीणबाईंनी मागितलेलं मी कधी पाहिलं नाही.

मग खेळण्यांचा कायदा आला. लहान मुलांचं कुठलंही खेळणं आता आयएसआयची खूण असल्याशिवाय विकायचं नाही. सुरुवातीला मी लक्ष दिलं नाही. कायदे येतात, आपण दुकान उघडतो. पण सोलापूरच्या माझ्या घाऊक व्यापाऱ्यानंच सांगितलं, की एका दुकानात तपासणी झाली आणि खूण नसलेला माल पोती भरून नेला. खरं सांगायचं तर कायद्याचं मला पटलंही होतं. उन्हात ठेवली की घासलेटासारखा वास मारणाऱ्या बाहुल्या मीही विकल्या नाहीत असं नाही, त्या बंद झाल्या ते बरंच झालं. पण खूण मिळवायची म्हणजे काय, ते चौकशी केल्यावर कळलं. माल तपासायला प्रयोगशाळेत पाठवा, प्रत्येक प्रकार वेगळा, बनवणाऱ्याकडं तपासणीची सोय हवी, परवाना हवा. कारखान्याला ते जमतं. कारखाना खुळखुळे लाखानं काढतो, एकदा खर्च केला की सुटला. विहीणबाईंचा कारखाना म्हणजे एक सुई, एक कात्री आणि बत्तीस दातांतले उरलेले काही दात. ज्या बाईनं आयुष्यभर प्रत्येक चिमणी स्वतः चघळून पाहिली, तिचीच चिमणी आकड्यावरून उतरवायची, आणि हे काम करायचं मी! ज्या दिवशी मी ते नमुन्याचं चिमणाळं काढून कपाटात ठेवलं, त्या दिवशी बाजार होता. विहीणबाई आल्या, वर बघितलं, खोक्यावर बसल्या. आम्ही पदराखाली हात घातले नाहीत, कारण ठरवायला काही नव्हतं. चहा पिऊन त्या लवकर उठल्या. मला वाटलं होतं त्या भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण कायद्यातही दार असतं, फक्त ते कुठं आहे हे भांडकुदळ माणसालाच सापडतं. मी चार ठिकाणी हुज्जत घातल्यावर कळलं, की हातानं वस्तू बनवणाऱ्या कारागिराची सरकारकडे नोंद झाली आणि ओळखपत्र मिळालं तर त्याला ह्या खुणेतून सूट आहे. धाराशिवला नोंदणीचं शिबिर होतं. मी दुकान बंद ठेवलं, जे मी सासऱ्यांच्या तेराव्यालाही अर्धा दिवसच ठेवलं होतं, आणि विहीणबाईंना एसटीत बसवून निघाले. त्यांनी माहेरची इरकल नेसली होती. पिशवीत सुई-दोरा, कापड, कापूस आणि आकड्यावरचं ते नमुन्याचं चिमणाळं. वाटेत मी त्यांना सगळं पढवलं. काय विचारतील, काय सांगायचं. त्या "व्हय व्हय" म्हणत खिडकीतून बाहेर बघत होत्या.

शिबिरातले साहेब निवृत्तीला आलेले, मवाळ बोलणारे होते. मला मवाळ माणसांची भीती वाटते, त्यांच्याशी भांडता येत नाही. त्यांनी चिमणाळं हातात घेतलं, उलटसुलट केलं, चिमण्या ओढून पाहिल्या. "मावशी, काम सुरेख आहे. डोळ्याला मणी नाही, हे फार चांगलं. पण ही दोरी एवढी लांब का?"

"वरनं टांगायला लागतीय न्हवं," विहीणबाई म्हणाल्या.

"वरची नाही, ही खालची. राघूची. बाळ निजलेलं असतं तोवर ठीक आहे. बसायला लागलं, पाळण्याची कड धरून उभं राहायला लागलं, की त्याचा हात हिला पोचणार. ओढली, मानेभोवती गुंतली, तर? आपल्याला कळायच्या आत होतं हे."

मी लगेच तोंड उघडलं. इतक्या वर्षांत इतकी चिमणाळी गेली, एकाही लेकराला कधी काही झालं नाही, वगैरे. विहीणबाईंनी माझ्या मांडीवर थाप मारली. "गप बसा बीगती. खरं बोलायलाय माणूस." त्यांनी राघूची दोरी बोटाभोवती गुंडाळून पाहिली, मग मनगटाभोवती. चेहरा एकदम उतरला होता. "म्या कसं बगितलं न्हाय वो हे?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "सगळं बगितलं, आन् दोरीच बगितली न्हाय."

"त्यात काय, आखूड करा, झालं," साहेब म्हणाले. "आता इथं बसून एक करून दाखवा. तुम्ही स्वतःच्या हातानं करता हे आम्हाला बघावं लागतं."

विहीणबाईंनी सुई काढली, कापड मांडीवर घेतलं आणि विचारलं, "कुणाचं लेकरू?"

"कुणाचं नाही. नमुना."

"लेकरूच न्हाय?"

"नाही."

सुई परत पदराला खोचली गेली. "मग जमायचं न्हाय साहेब. बिनबाळाचं चिमणाळं म्या शिवत न्हाय. रिकामा पाळणा हालवू नये म्हणत्यात, ते काय उगंच?"

इथं मी सौद्यात उतरले. साहेबांना म्हटलं, पूर्ण चिमणाळं कशाला, अर्धं चालेल का? चालेल म्हणाले. अर्धं तरी कशाला, एक चिमणी? बरं, एक चिमणी. मी म्हटलं, नुसती चोच? साहेब हसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही असताना माझी नोकरी उरेल का? एक चिमणी करा." आयुष्यात इतका उतरवलेला सौदा मी दुसरा केला नव्हता. विजयी चेहऱ्यानं मी विहीणबाईंकडे वळले. त्या म्हणाल्या, "चिमणी कुणाच्या लेकराची?"

मी ठोकून दिलं. म्हटलं, "माझ्या मावसभावाच्या सुनेला मुलगा झालाय, उदगीरला, त्याच्यासाठी करा." विहीणबाई म्हणाल्या, "तिचं लगीन आत्ताच माघात झालंय. काय बोलताव?" रांगेतले बुरूड, कुंभार, घोंगडीवाले सगळे हसायला लागले. मग मी बाहेर धावले. एवढं मोठं जिल्ह्याचं गाव, एक तान्हं मिळणार नाही? नाक्यावर एक बाई लेकरू कडेवर घेऊन उभी होती. मी घाईत म्हटलं, "बाई, अर्धा तास तुमचं लेकरू देता का?" त्यानंतर तिनं मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. लोक जमायला लागले तेव्हा मी परत फिरले.

आत येते तर साहेब बिचारे आपल्या परीनं वाट काढत होते. म्हणत होते, "मावशी, असं करा. माझ्या मुलीला आठवा महिना लागलाय. तिच्या बाळासाठी म्हणून करा." त्यांच्या मनात चांगलंच होतं. पण मी कपाळावर हात मारून घेतला. विहीणबाई ताडकन उठल्या. टेबलाला वळसा घालून साहेबांपाशी गेल्या, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवले आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशी बोटं मोडली. "असं चारचौघांत बोलू नये वो साहेब. तुमच्या लेकीला सुखरूप मोकळं होऊ द्या. बाळ झालं की सांगावा धाडा. म्या यिऊन बगून जाईन, आन् घरपोच देईन. पैसे नकोत." आणि त्यांनी कापूस, कापड, सुई, सगळं पिशवीत भरलं. साहेब दोन्ही हात जोडून उभे होते. नोंदणी मात्र झाली नाही. कशी होणार?

परतीच्या बसमध्ये मी तुळजापूरपर्यंत बोलत होते. मी किती हिंडले, दुकान बंद ठेवलं, सरकारशी भांडून दार शोधलं, आणि दारापर्यंत नेऊन उभं केलं तर ह्या उंबरा ओलांडेनात. एक चिमणी! चार टाके! विहीणबाई मांडीवरच्या चिमणाळ्याची दोरी बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत होत्या. मग पुढच्या बाकावरचं एक तान्हं रडायला लागलं. त्यांनी पुढं वाकून त्याची मूठ पाहिली, डोळे पाहिले, "यार कूसु?" म्हणून कानडीत विचारलं, कुणाचं बाळ म्हणून. मग राघूची दोरी दातांनी तोडून तोकडी केली, गाठ मारली आणि आमच्या नातीच्या नावानं केलेलं, माझ्या दुकानाचं एवढी वर्षं नाक असलेलं ते चिमणाळं त्या बाळाच्या आईला देऊन टाकलं. फुकट! कायद्यात विकायला बंदी आहे, द्यायला नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. मी मुरुम येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवसापासून विहीणबाई कात्री घेऊन घरोघर हिंडायला लागल्या. आधी मला कळलंच नाही. एक गिऱ्हाईक म्हणालं, "तुमच्या विहीणबाई सकाळी घरी आल्या, पाळणा कुठंय विचारलं, आणि दोरी कापून गेल्या." मग दुसऱ्यानं तेच सांगितलं. ज्या ज्या घरी त्यांनी चिमणाळं दिलं होतं ती घरं त्यांना तोंडपाठ होती. बाळाचा चेहरा आठवला की घर आठवायचं. कुठं पाळणा अजून चालू होता, कुठं दुसऱ्या-तिसऱ्या लेकराला तोच होता. कुठं ज्याच्यासाठी केलं होतं तो पोरगा मिसरूड फुटून दारात उभा. "बाळा, तुझं चिमणाळं काढ," म्हटल्यावर तो लाजून आत पळायचा आणि आई माळ्यावरून धुळकट गाठोडं काढून द्यायची. एका घरी तर पोरगा रिक्षा चालवत होता आणि त्यानं तेच चिमणाळं रिक्षात आरशाखाली टांगलं होतं. विहीणबाईंनी तिथलीही दोरी कापली. तो म्हणाला, "आजी, मी काय पाळण्यात हाय का?" त्या म्हणाल्या, "रिक्षात लेकरं बसत्यात न्हवं?" लांबच्या गावांना त्या चालत जायच्या. बसनं का जात नाही म्हणून मी विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं.

साहेबांच्या मुलीला मुलगी झाली. निरोप आला, विहीणबाई धाराशिवला जाऊन बाळ बघून आल्या, त्या तिकिटाचे पैसे मी बळंच दिले, आणि तोकड्या दोरीचं चिमणाळं पोचतं झालं. मी संधी साधून साहेबांना फोनवर म्हटलं, हेच नमुना म्हणून धरा की. ते म्हणाले, समोर केलेलं लागतं. मी म्हटलं, मग पुढचं शिबिर बाळंतपणाच्या दवाखान्यात घ्या, लेकरांची कमी पडणार नाही. ते खूप हसले आणि म्हणाले, "कल्पना चांगली आहे, कळवतो." 'कळवतो' ह्या शब्दाला बाजारात काय भाव मिळतो, ते मला माहीत आहे. अजून कळवलेलं नाही. दुकानातला आकडा मोकळा आहे. खूण असलेलं, सेलवर चालणारं, गाणं म्हणणारं प्लास्टिकचं एक फिरतं झुंबर सोलापूरचा व्यापारी मला देऊ बघतो. चांगलं आहे, विकलंही जाईल. मी त्याला अजून भाव पाडून मागते आहे.

परवा विहीणबाई आमच्या घरी आल्या. हातात कात्री. म्हणाल्या, "तुमचंच राहिलंय." मी म्हटलं, "विहीणबाई, नात लातूरला कॉलेजात आहे. तुमच्याहून उंच झालीय. तिच्या चिमणाळ्याची दोरी कापून काय करताव?" त्यांनी ऐकलं नाही. पाळणा माळ्यावर होता, घडी घालून, चिमणाळं त्यातच गुंडाळलेलं. मी चढते म्हटलं तर म्हणाल्या, तुमचे गुडघे गेलेत. जसे काही त्यांचे शाबूत आहेत. स्टुलावर त्याच चढल्या. स्टूल एका पायानं तोकडं आहे, मी खालून धरलं. वरून धूळ पडत होती आणि त्या कानडीत काहीतरी बोलत होत्या, माझ्याशी नाही. मग कात्रीचा आवाज आला. राघूचा रंग काही उतरला नव्हता.

"आता कशाला हा खटाटोप?" मी खालून विचारलं. नेहमीच्या सुरात विचारायचं होतं, पण तसं विचारलं गेलं नाही.

त्या वरूनच म्हणाल्या, "उद्या हिला लेकरू झालं, तर तुमी पाळणा काढचाल न्हवं? तवा दोरी मापायला म्या असंन, नसंन."

चिमणाळं परत गुंडाळून त्यांनी पाळण्यात ठेवलं आणि माझ्याकडे न बघता कात्री खाली दिली. मी एका हातानं ती घेतली. दुसऱ्या हातानं स्टूल धरून ठेवलं, त्या सावकाश उतरेपर्यंत.